कॅम्परमध्ये लिथियम बॅटरी : चहाची केटली लावली की इन्व्हर्टर बंद!

डोंगरकपारी | ९ सप्टेंबर

गेले तीन आठवडे ऑफिस सुटलं की मी थेट ट्रेलरखाली. बायको म्हणते, घरात एक पलंग आहे, तोही तुझाच आहे. इथे गडकिल्ले, सायकली, रोड ट्रिप सगळ्यावर धागे सापडले, ओढायच्या ट्रेलरच्या विजेवर एकही नाही. म्हणून हा.

आम्ही अमेरिकेत, डेन्व्हरच्या बाजूला राहतो. दोन वर्षांपूर्वी जुना २२ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घेतला, पिकअपला जोडून ओढायचं चाकावरचं घर. कॅम्पग्राउंडवर खांबाला वायर लावायची सोय असेल तर प्रश्नच नसतो, पण आम्हाला आवडतात त्या जागा नेमक्या बिनविजेच्या. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या होत्या, नावाला १६० एएच (अँपिअर-अवर, म्हणजे एक अँप १६० तास). लेड बॅटरी अर्ध्याखाली उतरवत राहिलं की लवकर मरते, म्हणजे वापरायला धरायचे ८०. आमचा हीटर गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीतून साडेसात अँप ओढतो. मे महिन्यात डोंगरात एका रात्री पहाटे तीनला पंखा मंदावला, मग हीटर थांबला आणि पोरं कुडकुडत उठली. लिथियमचा निर्णय तिथेच झाला.

घेतलं ते असं : १०० एएचच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट (पुढे एलएफपी) बॅटऱ्या, २००० वॅटचा इन्व्हर्टर, छतावर ४०० वॅट सोलर आणि किती अँप आत-बाहेर गेले ते मोजणारा शंट. विकणारा म्हणाला, "जुन्या काढा, नव्या ठेवा, झालं."

झालं नाही. पण आधी जे जमलं ते सांगतो.

दोन्ही बॅटऱ्या एकमेकींना न जोडता वेगवेगळ्या पूर्ण चार्ज केल्या, १४.४ व्होल्टला. येतात त्या अर्धवट भरलेल्या. आत चार सेल ओळीने जोडलेले असतात आणि त्यांची पातळी एक करायचं काम बीएमएस (आतलं राखणदार सर्किट) अगदी वरच्या टोकाला आल्यावरच करतं, तेही मुंगीच्या पावलानं. त्यामुळे चार्जर 'भरली' म्हणाला तरी आणखी काही तास तसंच ठेवलं. मग दोन्हींचे व्होल्ट जुळले. आधीच समांतर जोडल्या असत्या तर भरलेली बॅटरी रिकामीत भसकन ओतली गेली असती.

मग क्षमता तपासली. गॅरेजमध्ये एकेक बॅटरी इन्व्हर्टरला लावून त्यावर २५० वॅटचा हीट लॅम्प. साधारण २२ अँपचा लोड. बीएमएसने स्वतःहून बंद करेपर्यंत चालू ठेवला. पावणेपाच तास लागले. पहिली १०३ एएच, दुसरी १०१. छापलेलं खरं निघालं. अर्धी रात्र खुर्ची टाकून दिव्याकडे बघत बसलो होतो, शेजारी येऊन विचारून गेला की कोंबड्या पाळल्यात का.

आता दुखणं. सगळं ट्रेलरमध्ये बसवलं. दिवे, पंप, हीटर, लॅपटॉप मस्त. पण १५०० वॅटची केटली लावली की मिनिटभरात इन्व्हर्टर कुईकुई करतो आणि 'लो व्होल्टेज' दाखवून बंद. शंट म्हणतो बॅटरी ८८ टक्के. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे इन्व्हर्टर खराब असेल, इन्व्हर्टरवाला म्हणतो बॅटरी खराब. मी मध्ये.

कुणाला काही सुचतंय?

---

सुगरण_बाई | ९ सप्टेंबर

चहा गॅसवर करा की. (पळते आता.)

---

तारतम्य | १० सप्टेंबर

सुगरणताईंचा उपाय सर्वात स्वस्त आहे. :)

बॅटरी चांगली आहे, हे तुम्हीच सिद्ध केलंय. इन्व्हर्टरही बहुधा चांगला आहे. लोच्या मधल्या वाटेत आहे. तुमची क्षमतेची चाचणी २२ अँपला झाली. केटली ओढते किती? १५०० वॅट भागिले १३, त्यात इन्व्हर्टरचा स्वतःचा तोटा धरा, १३०च्या वर जातं. वाटेत कुठे कच्चा जोड असेल तर २२ अँपला तो दिसणारही नाही. सहापट अँपला व्होल्टची घट सहापट होते आणि उष्णता छत्तीसपट.

मल्टीमीटर घ्या. केटली नको, ती एका मिनिटात बंद पाडेल. हजार वॅटचं काहीतरी लावा जे चालू राहील. लोड चालू असताना :

आधी बॅटरीच्या खुद्द टर्मिनलवर व्होल्ट मोजा. टर्मिनलवर म्हणजे शिशाच्या किंवा पितळेच्या त्या खांबावर, केबलच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) नव्हे. मग इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर. दोन्हींतला फरक म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्ट. तो अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर पुढे एकेक जोड पकडा : मीटरची एक पिन जोडाच्या अलीकडे, एक पलीकडे. चांगल्या जोडावर काही मिलिव्होल्ट दिसायला हवेत. शंट ५०० अँपला ५० मिलिव्होल्टवाला असेल तर १०० अँपला त्यावर १० दिसतील, तेवढीच त्याची घट कायदेशीर.

हात लावून बघू नका. जिथे घट जास्त तिथे चटका बसतो.

---

गावठी_गीक | १० सप्टेंबर

एक भाबडा प्रश्न. लिथियम म्हणजे पेटतं ना? २०२२च्या उन्हाळ्यात पुण्यात भररस्त्यात स्कूटर जळतानाचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. आणि तुम्ही उद्या हे पलंगाखाली ठेवून वर पोरांना झोपवाल?

---

तारतम्य | १० सप्टेंबर

रास्त शंका आहे. लिथियम हे घराण्याचं नाव झालं, भावंडांचे स्वभाव वेगळे. फोनमध्ये आणि बऱ्याच गाड्यांत निकेल-कोबाल्टवाली रसायनं असतात. ती फार तापली की स्वतःतूनच ऑक्सिजन सोडतात, म्हणून ती आग विझवणं अवघड. एलएफपीमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट धरून बसलेला असतो, सहजी सुटत नाही. वजनाच्या मानाने ती वीज कमी साठवते, पण कॅम्परमध्ये कोण ग्रॅम मोजतंय.

अवांतर : हे रसायन टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला, शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या गटात पुढे आलं. १९९७च्या त्या शोधनिबंधावर पहिलं नाव पाढी, दुसरं नंजुंडस्वामी. गुडइनफना २०१९ साली ९७व्या वर्षी नोबेल मिळालं. पहिल्या दोन नावांची मात्र आपल्याकडे फारशी आठवण निघत नाही.

पेटतच नाही असं मात्र समजू नका. एलएफपी बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँप सोडते, आणि तेव्हा बॅटरी नाही तर केबल पेटते. @डोंगरकपारी, फ्यूज कोणता लावलाय?

---

डोंगरकपारी | ११ सप्टेंबर

फ्यूज एएनएल (बोल्टने बसणारा पट्टीचा), जुन्या बॅटरीला होता तोच. मोजमाप आज रात्री करतो.

---

व्हॅनवासी_पुणे | ११ सप्टेंबर

तोवर माझी रडकथा. आमची बंद व्हॅन आहे, आतून कॅम्पर केलेली, कोकणात आणि साताऱ्याकडे फिरतो. २०० एएच एलएफपी टाकली आणि ती इंजिनच्या अल्टरनेटरवर (इंजिनवर फिरून वीज बनवतो तो) चार्ज व्हावी म्हणून मध्ये साधा रिले, म्हणजे आपोआप जोडणारा स्विच टाकला, पूर्वी लेडला होता तसाच. लेड बॅटरी भरत आली की स्वतःच कमी ओढते. एलएफपीला अंतर्गत रोध जवळपास नसल्यासारखाच, ती मागते तितकं देणाऱ्याला देत बसावं लागतं. वरंधा घाटात ट्रॅफिकला अडकलो, इंजिन आयडलवर, म्हणजे अल्टरनेटरचा पंखा हळू आणि लोड पूर्ण. आधी जळका वास, मग डॅशवर लाल दिवा. महाडला ऑटो इलेक्ट्रिशियनने उघडून दाखवलं, डायोड प्लेट गेलेली. "साहेब, ह्याच्यावर काय वेल्डिंग मशीन चालवलंत काय?"

आता मध्ये ३० अँपचा डीसी-टू-डीसी चार्जर आहे. तो मोजून ३० घेतो आणि बॅटरीला हवे तेवढे व्होल्ट देतो. दुसरा फायदा पुढे कळला. चालू चार्जिंगमध्ये बीएमएसने अचानक बॅटरी तोडली तर अल्टरनेटरचे व्होल्ट उसळतात आणि गाडीची इलेक्ट्रॉनिक्स धोक्यात येतात. मध्ये हा डबा असला की तो धक्का मागे जात नाही.

---

डोंगरकपारी | १२ सप्टेंबर

सापडलं!!!

काल रात्री इलेक्ट्रिक कुकर पाणी घालून लावला, हजार वॅट. शंट ९६ अँप दाखवत होता. बॅटरीच्या खांबावर १३.०, इन्व्हर्टरवर ११.८. सव्वा व्होल्टच्या आसपास वाटेत गडप! मग तारतम्य म्हणाले तसं एकेक जोड. फ्यूज ठीक. मेन स्विच ठीक. शंट १० मिलिव्होल्ट, बरोब्बर. आणि दुसऱ्या बॅटरीच्या निगेटिव्हवर पिन टेकवली तर ०.८५ व्होल्ट.

एकाच बोल्टवर ०.८५ गुणिले ९६, म्हणजे ऐंशी वॅट. बल्ब लावल्यासारखंच. जवळ नाक नेलं तर तापलेल्या प्लॅस्टिकचा वास. बंद करून, थंड होऊ देऊन उघडलं. त्या खांबावर आधी दोन बॅटऱ्या जोडणारी छोटी केबल, मग स्प्रिंग वायसर, मग इन्व्हर्टरची जाडी केबल. वायसर सगळ्यात वर, नटाखाली हवा होता. तो स्टेनलेस स्टीलचा, आधीच तांब्याच्या मानाने फार वाईट वाहक, त्यात चिरलेला, टेकतो फक्त कडेला. शंभर अँप त्या कडेतून जात होते.

बसवलं कुणी? मीच. काळोखात, डोक्याला टॉर्च बांधून, पाठीवर झोपून, हातात आला तो नग आधी सरकवला. विकणाऱ्याला आणि इन्व्हर्टरवाल्याला मनातल्या मनात घातलेल्या शिव्या परत घेतो.

लग घासून साफ केले, तांब्यावर तांबं टेकवलं, वायसर वर, आणि टॉर्क पान्यानं बॅटरीवर लिहिलंय तितकंच आवळलं. आता त्याच लोडला एकूण घट ०.३. केटली पूर्ण उकळली. चहा ढोसत हे टंकतोय.

---

सुगरण_बाई | १२ सप्टेंबर

एका वायसरसाठी तीन आठवडे. आमच्याकडे मिक्सर चालेना म्हणून ह्यांनी अख्खा उघडला होता, नंतर कळलं भांडं नीट बसलं नव्हतं.

---

तारतम्य | १३ सप्टेंबर

अभिनंदन. लगे हात फ्यूज बदला. डीसी करंट तोडणं एसीपेक्षा अवघड असतं. फ्यूज वितळला तरी त्या फटीतून ठिणगी चालूच राहू शकते. लिथियमच्या शॉर्टला क्लास-टी फ्यूज लावतात, तो वीस हजार अँपपर्यंत तोडू शकतो. महाग आहे, पण एकदाच घ्यायचा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून जितका जवळ बसेल तितका बरा.

दोन बॅटऱ्या समांतर असतील तर पॉझिटिव्ह एकीवरून आणि निगेटिव्ह दुसरीवरून घेतलीय ना? दोन्ही एकाच बॅटरीवरून घेतल्या तर जवळची जास्त राबते. क्लँप मीटरने दोघींचे अँप बघा, जवळपास सारखे यायला हवेत.

शंटच्या सेटिंगमध्ये लेडचे आकडे राहिले असतील तर तो गोड थापा मारेल. पूर्ण भरल्याचे व्होल्ट १४.०, टेल करंट (भरत आल्यावर उरलेला करंट) ४ टक्के, प्यूकर्ट (जास्त अँप ओढले की क्षमता किती घटते तो आकडा) १.०५, चार्ज कार्यक्षमता ९९. आणि ट्रेलरची प्रत्येक निगेटिव्ह तार शंटच्या पलीकडे हवी. एखादी थेट बॅटरीवर राहिली तर तिचा हिशेब लागतच नाही.

भिंतीवर चार दिव्यांचं बॅटरी-पॅनल असेल तर त्यावर चिकटपट्टी लावा. एलएफपी ९० टक्क्यांना १३.३ आणि ४० टक्क्यांना १३.१ च्या आसपास. त्या दिव्यांना हा फरक कळणार नाही, ते सुखानं 'फुल' दाखवत राहतील.

---

डोंगरकपारी | १४ सप्टेंबर

क्लँप मीटरने ४९ आणि ४७. शंटमध्ये लेडचेच आकडे होते, बदलले. माझी एक निगेटिव्ह शंटच्या अलीकडे होती, सोलर चार्जरची! म्हणजे सोलरने दिलेलं काहीच जमा धरलं जात नव्हतं.

सोलर चार्जरवर चार्जिंगचे व्होल्ट १४.२ आणि फ्लोट (भरल्यावर टिकवायचे व्होल्ट) १३.५ केलंय, इक्वलायझेशन (अधूनमधून द्यायचा जादा चार्ज) बंद, तापमानानुसार व्होल्ट वाढवणंही बंद. ते लेडसाठी असतं. ट्रेलरचा मूळ चार्जर १३.६ वर अडकलेला, त्यावर बॅटरी वरपर्यंत जातच नव्हती, तोही लिथियमवाला बदलून घेतला.

एक मजा झाली. घराबाहेर ट्रेलरची मोठी वायर इन्व्हर्टरमध्येच खुपसून बघितली, म्हणजे सगळे प्लग चालतील. सगळे चाललेही. पण बॅटरी भराभर उतरायला लागली. मग डोक्यात प्रकाश पडला : ट्रेलरचा चार्जरही त्याच वायरीवर! बॅटरी इन्व्हर्टरला, इन्व्हर्टर चार्जरला, चार्जर परत बॅटरीला. मधला तोटा गरम हवेत. आता त्याचा ब्रेकर आधी पाडतो.

---

गावठी_गीक | १४ सप्टेंबर

म्हणजे स्वतःच्याच खिशातून स्वतःलाच उधार, वर व्याज.

---

व्हॅनवासी_पुणे | १५ सप्टेंबर

तुमच्याकडे बर्फ पडतो. शून्याखाली चार्जिंगचं काय? आम्हाला महाबळेश्वरलाही तो प्रश्न येत नाही.

---

डोंगरकपारी | २१ सप्टेंबर

शून्याखाली एलएफपीमधून वीज काढलेली चालते, साधारण उणे २० पर्यंत. भरलेली चालत नाही. थंडीत लिथियमला निगेटिव्हच्या ग्रॅफाइटमध्ये शिरायला वेळ लागतो, मग तो धातू होऊन पृष्ठभागावरच बसतो, आणि तेवढी क्षमता कायमची जाते. सकाळी कोवळं ऊन सोलरवर पडतं तेव्हाच बॅटरी सगळ्यात गार असते, हीच गोम.

माझ्या बॅटरीवर लिहिलंय की बीएमएस शून्याखाली चार्जिंग तोडतो. लिहिलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही हे एव्हाना शिकलोय. सप्टेंबरात गोठवणारी थंडी आणायची कुठून? गॅरेजमधला आडवा फ्रीझर. अकरा किलोची बॅटरी जाड पिशवीत गुंडाळून, मटार आणि खोवलेल्या नारळाच्या पिशव्या बाजूला सारून आत ठेवली. "नारळाला बॅटरीचा वास लागला तर बघ," एवढ्या अटीवर परवानगी मिळाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काढली. चार्जर लावला : शून्य अँप. दिवा लावला : झक्क लागला. म्हणजे राखणदार जागा आहे. तशीच टेबलावर ठेवली आणि चार्जर लावून ठेवला. आतला भाग ऊब धरायला बराच वेळ घेतो, मध्यरात्र उलटल्यावर कधीतरी चार्जिंग सुरू झालं. दुसरीचंही तसंच केलं, कारण एकीवरून दुसरीची खात्री नको. बाहेर काढल्यावर वर दव जमतं, ते पुसून मगच वायरी लावा.

त्यामुळे बॅटऱ्या बाहेरच्या दांड्यावरून काढून आत पलंगाखाली आणल्या. हीटरची ऊब त्यांनाही मिळते. (गावठी_गीक, हो, पलंगाखालीच.)

---

गावठी_गीक | २१ सप्टेंबर

माझं काही म्हणणं नाही. पण धुराचा अलार्म त्या पलंगाजवळ असू दे.

---

डोंगरकपारी | ६ ऑक्टोबर

अलार्म लावला.

परवा ग्रेट सँड ड्यून्सहून (वाळूच्या टेकड्यांचं नॅशनल पार्क) परतलो, तीन रात्री. तिथल्या पिन्यॉन फ्लॅट्स कॅम्पग्राउंडला वीज नाही, म्हणूनच निवडलं. उंची ८,००० फुटांच्या वर. पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. साध्या पातेल्यात डाळ शिजवायची तर सुट्टी संपते, म्हणून इलेक्ट्रिक कुकर.

पहिल्या चोवीस तासांचा जमाखर्च शंटवरून : हीटरचा पंखा ३८ एएच, मुगाची खिचडी २५, केटली दोनदा १८, दिवे-पंप-फोन मिळून १२. एकूण ९३. पहाटे बाहेर पाण्याच्या नळीत बर्फ होता, आत पोरं पांघरूण लाथाडून झोपलेली. तीन वाजता मला आपोआप जाग आली, पंख्याचा आवाज ऐकला आणि परत झोपलो.

दिवसभर लख्ख ऊन, सोलरने ९६ परत दिले. दुसऱ्या दिवशी ढग, मिळाले फक्त ४०. त्यात रात्री इन्व्हर्टर चालूच राहिला. काही न लावताही तो दोन अँप खातो, सकाळपर्यंत सोळा एएच फुकट गेले. तिसऱ्या सकाळी शंट २८ टक्के. केटली तरीही उकळली, इन्व्हर्टर हूं की चूं न करता.

---

व्हॅनवासी_पुणे | ६ ऑक्टोबर

वाचनखूण साठवली. येताना पिकअपमधून किती चार्ज झालं?

---

डोंगरकपारी | ७ ऑक्टोबर

नावाला. सात पिनांच्या प्लगमधली तार बारीक आणि लांब, मोजले तर जेमतेम सहा अँप. तुमचा डीसी-टू-डीसी डबा मागवलाय, पण त्याला पिकअपच्या बॅटरीपासून ट्रेलरपर्यंत जाडी केबल ओढावी लागणार. म्हणजे पुन्हा खाली झोपणं आलं.

---

सुगरण_बाई | ७ ऑक्टोबर

खिचडी कशी झाली हे कुणीच विचारत नाहीये.

---

डोंगरकपारी | ७ ऑक्टोबर

थोडी घट्ट. उंचीमुळे पाणी अर्धी वाटी जास्त घालायला हवं होतं. सोबत पापड गॅसवर भाजले.